दोन कारागीर : सातेरी माशी व सुगरण पक्षी



गेल्या श्रावणांत एका रात्रीं वादळी पाऊस झाला आणि ओढ्याकांठच्या बाभळीची एक मोठी फांदी मोडून पडली. दुसऱ्या दिवशीं मी आठवीच्या वर्गांत शिरतों तों माझ्या टेबलावर दोन वस्तू मांडून ठेविलेल्या होत्या. एक होतें सुगरणीचें घरटें, पण अर्धेंच. वरून घुमटासारखें, खालून उघडें, जणुं शिपायाचा टोपच. दुसरा होता सातेरी मधमाशांच्या जुन्या, रिकाम्या पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा. एका विद्यार्थ्याच्या परसांतील फणस त्याच वादळांत उन्मळून पडला होता. त्याच्या ढोलींत तो सांपडला.

“सर, या दोघांत मोठा कारागीर कोण?” असा पहिला प्रश्न आला आणि वर्गांत दोन पक्ष पडले. कोणी माशीची बाजू घेतली, कोणी पक्ष्याची. तेवढ्यांत मागल्या बांकावरून एकजण म्हणाला, “यांत कारागिरी कसली, सर? त्यांना तें उपजतच येतें. ज्याला उपजत येतें त्याला येतें. ज्याला येत नाहीं त्यानें कितीहि डोकें फोडलें तरी येत नाहीं.”

वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. तो मुलगा गणितांत लागोपाठ दोन परीक्षांत नापास झाला होता, आणि त्याचें शेवटलें वाक्य माशीविषयीं नव्हतें व पक्ष्याविषयींहि नव्हतें, हें मला कळत होतें. इतक्यांत घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें राहिलेलें उत्तर देण्यासाठीं हा लेख आहे. पालकांनींहि तो वाचावा, कारण “याला उपजत डोकेंच नाहीं” हें वाक्य शाळेपेक्षां घरींच अधिक वेळां ऐकूं येतें.

पोळें

प्रथम पोळ्याचा तुकडा हातीं घेऊं. आपल्याकडील मधमाशांच्या कांहीं जाती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. उंच कड्याला किंवा मोठ्या वृक्षाच्या फांदीला एकच प्रचंड पोळें लटकविणारी ती आग्या माशी. झुडपांत हाताच्या पंजाएवढें लहानसें पोळें करणारी ती फुलोरी. आणि झाडाची ढोली, भिंतींतील पोकळी असा अंधारा आडोसा शोधून त्यांत एकाशेजारीं एक अशीं अनेक समांतर पोळीं बांधणारी ती सातेरी. शास्त्रज्ञ तिला एपिस सेराना इंडिका म्हणतात. महाबळेश्वराच्या डोंगरांत लांकडी पेट्यांतून जी माशी पाळण्याची वहिवाट आहे ती हीच. त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, हें तुमच्यापैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल.

पोळें मेणाचें असतें हें तुम्हांस ठाऊक आहे. पण हें मेण येतें कोठून? माशी तें फुलांवरून गोळा करून आणते अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. फुलांवरून ती मकरंद व पराग आणते. मेण तिच्या स्वतःच्या अंगांतून पाझरतें. कामकरी माशी सुमारें दोन आठवड्यांची झाली म्हणजे तिच्या पोटाच्या खालच्या बाजूस ग्रंथींच्या ज्या चार जोड्या असतात त्यांतून मेण स्रवूं लागतें, आणि त्याचे पातळ पापुद्रे बनतात. हे पापुद्रे ती पायांनीं काढून तोंडाकडे नेते, जबड्यांत चावून मऊ करिते व योग्य जागीं थापते. हें मेण कांहीं फुकट मिळत नाहीं. जितकें मेण तयार होतें त्याच्या कित्येक पट मध त्यापायीं खर्ची पडतो. म्हणून मेणाची काटकसर हा पोळ्याच्या रचनेंतील पहिला नियम ठरतो.

आतां घरांचा आकार पाहा. प्रत्येक घर षट्कोनी आहे. असें कां? गोल घरें शेजारीं शेजारीं ठेविलीं तर त्यांच्यामध्यें सांदी राहतात व जागा वायां जाते. सांदी न ठेवतां एकमेकांस चिकटून बसणाऱ्या नियमित आकृति तीनच आहेत : समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. या तिहींपैकीं सारखीच जागा वेढण्यास सर्वांत कमी लांबीची भिंत षट्कोनाला लागते. अलेक्झांड्रिया येथील पॅपस नांवाच्या गणित्यानें चौथ्या शतकांत मधमाशांच्या या शहाणपणाविषयीं लिहून ठेविलें आहे. परंतु वांकड्यातिकड्या सर्व प्रकारच्या आकृति जमेस धरल्या तरी षट्कोनच सर्वांत काटकसरीचा, ही गोष्ट थॉमस हेल्स या अमेरिकन गणित्यानें १९९९ सालीं सिद्ध केली. म्हणजे माशी जें करीत आली त्याची पुरी सिद्धता मिळण्यास मनुष्याला सोळाशेंहून अधिक वर्षें लागलीं!

सातेरीच्या कामकरी माशीचें घर सुमारें साडेचार मिलिमीटर रुंद असतें, आणि त्याची भिंत एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनहि पातळ असते. पोळ्याच्या दोन्ही अंगांस घरें असून त्यांची पाठ एकमेकांस लागलेली असते. प्रत्येक घराचा तळ तीन लहान चौकटींचा बनलेला असून त्यांतील प्रत्येक चौकट पलीकडच्या एकेका निराळ्या घराच्या वांट्यास येते. त्यामुळें एकाच भिंतीचा उपयोग दोन्ही अंगांस होतो. घरांचीं तोंडें किंचित् वर उचललेलीं असतात, म्हणून आंतला पातळ मकरंद ओघळून जात नाहीं. कांहीं घरांत मध, कांहींत पराग व कांहींत अळ्या असतात.

या कारखान्यांत मुकादम मात्र कोणी नाहीं. राणी माशी अंडीं घालते, ती हुकूम सोडीत नाहीं. कामकरी माशा एकमेकींच्या पायांना पाय अडकवून सांखळीसारख्या लोंबकळतात. त्यांतील एखादी पुढें येते, थोडें मेण लावते, निघून जाते. दुसरी येते, तिनें लाविलेलें मेण चाचपते, कोठें खरवडते, कोठें भर घालते व तीहि निघून जाते. अमुक घर अमक्या माशीनें बांधलें असें कोणालाच सांगतां येणार नाहीं.

घरटें

आतां दुसरी वस्तु. सुगरण हें चिमणीएवढें पांखरूं. त्याचें शास्त्रीय नांव प्लोसियस फिलिपिनस. इतर ऋतूंत नर व मादी दोघेंहि चिमणीच्या मादीसारखीं मळकट दिसतात. पण पावसाळा जवळ आला कीं नराचा माथा हळदीसारखा पिंवळा होतो आणि तोंडावर गडद तपकिरी बुरखा चढतो. हाच त्यांच्या विणीचा हंगाम. त्याचें कारणहि उघड आहे. या दिवसांत गवत व भात उंच वाढतात, म्हणून विणण्यास हिरवे धागे मिळतात. शिवाय पिलांना भरविण्यास किडे विपुल असतात.

जागा निवडण्यांत या पक्ष्याचा कटाक्ष असतो. कांटेरी बाभूळ, शिंदी, ताड, नारळ अशा झाडांच्या टोंकाच्या बारीक फांद्या त्याला आवडतात. त्याहि पुष्कळदां विहिरीवर किंवा ओढ्यावर वांकलेल्या. साप किंवा दुसरा शत्रु तेथपर्यंत सहज पोहोंचूं शकत नाहीं. एकाच झाडाला अशीं अनेक घरटीं लोंबतांना तुम्हीं पाहिलीं असतील.

बांधणारा असतो नर, आणि त्याचें हत्यार म्हणजे एक चोंच व दोन पाय. भाताच्या किंवा रुंद गवताच्या पात्याच्या कडेला तो चोंचीनें खांच पाडतो, तें टोंक घट्ट धरतो आणि झेंप घेतो. तत्क्षणीं पात्याची लांब चिरफळी सुटून त्याच्या चोंचींत येते. ती २० पासून ६० सेंटिमीटरपर्यंत लांब असते. प्रथम तो अशा चिरफळ्या फांदीला गुंडाळून त्यांच्या गांठी मारतो. मग त्यांपासून एक कडें तयार करून त्यावर पाय रोवून उभा राहतो, आणि चोंचीचा पल्ला जेथवर जाईल तेथवर विणीत जातो. धागा खोंचावयाचा, पलीकडून ओढावयाचा, परतून पुन्हां खोंचावयाचा, असा हा क्रम चालतो. धागे हिरवे असेपर्यंत लवचिक असतात. वाळले म्हणजे वीण आवळून बसते. एका घरट्यासाठीं नराला सुमारें ५०० पर्यंत फेऱ्या कराव्या लागतात.

घरटें अर्धें झालें म्हणजे त्याला टोपासारखा आकार येतो. मध्यें एक आडवी कमान असते व दोन्ही बाजू खालून उघड्या असतात. येथें नर हात राखतो. तो घरट्याला लटकून पंख फडफडवितो व ओरडून माद्यांना बोलावितो. मादी येते, आंत शिरते, वीण ओढून पाहते. पसंत पडलें तर ती तेथें राहते. मग नर एका बाजूस अंड्यांसाठीं खोली करितो, दुसऱ्या बाजूस खालीं लोंबणारी नळी विणतो आणि घरटें पुरें होतें. पसंत पडलें नाहीं तर मादी उडून जाते आणि तें घरटें बहुधा तसेंच अर्धें राहतें.

आतां तुमच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, आमच्या टेबलावरील घरटें वादळानें मोडलेलें नव्हतें. तें अर्धेंच बांधलेलें होतें. एक तर त्याला मादीची पसंती मिळाली नव्हती, नाहीं तर ती मिळण्यापूर्वींच वादळानें फांदी पाडली होती.

याच टोपाच्या आंतल्या अंगाला चिखलाचे गोळे चिकटविलेले आढळतात. त्यांवरून लोकांत अशी कथा पसरली कीं, सुगरण त्या चिखलांत काजवे खोंचून रात्रीं घरांत दिवा लावते. कथा गोड आहे, पण खरी नाहीं. चिखल असतो, दिवा नसतो.

नांवांची फसगत

येथें एक मौज सांगितली पाहिजे. आपण या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतों. घर नीटनेटकें राखणारी, हाताला चव असणारी गृहिणी ती सुगरण. पूर्वजांनीं घरटें पाहिलें, कौतुक केलें, आणि एवढें सुबक घर स्त्रीचेंच असणार असें धरून नांव ठेविलें. पण विणकाम करणारा निघाला नर! मादी आंतल्या भागाची थोडी डागडुजी करिते, २ ते ४ पांढरीं अंडीं घालते, तीं सुमारें दोन आठवडे उबविते, व पिलांना भरविण्याचा बहुतेक भार वाहते; घर मात्र तिनें बांधलेलें नसतें.

मधमाशीच्या बाबतींत याच्या उलट घडलें. पोळ्यांतील मोठ्या माशीला ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल याच्या ग्रंथांत ‘राजा’ म्हटलें आहे, व पुढें शतकानुशतकें तीच समजूत चालत राहिली. राज्य आहे त्या अर्थीं राजा असणारच, असें लोकांनीं गृहीत धरिलें. सतराव्या शतकांत स्वामरडाम नांवाच्या डच शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें त्या ‘राजा’च्या पोटांत अंडाशय दाखविले, तेव्हां राजाची राणी झाली. पोळें बांधणाऱ्या, मध आणणाऱ्या, राखण करणाऱ्या सर्व कामकरी माशाहि माद्याच असतात.

दोन्ही ठिकाणीं चूक एकच झाली. प्राण्याकडे न पाहतां लोकांनीं स्वतःच्या समाजाकडे पाहिलें, व तेथें दिसलें तें प्राण्यावर लादलें. ही चूक सुधारण्याचा उपाय म्हणजे धीरानें पाहणें. सुगरणीसंबंधींचें असें पाहणें आपल्याच किनाऱ्यावर झालें, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. १९३० सालच्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम या गांवीं सलीम अली यांनीं सुगरणींच्या वसाहतीवर पावसाळ्यांत नजर ठेविली, व आपलीं निरीक्षणें १९३१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं. नर घरटें अर्धवट बांधतो, निवड मादी करिते, आणि एक मादी स्थिरावली कीं तोच नर दुसरें घरटें बांधावयास लागतो, हा सारा व्यवहार त्यांनीं उलगडून दाखविला.

साम्य व भेद

आतां दोघांची तुलना करूं. दोघेहि पिलांसाठीं घर बांधतात, दोघेहि वसाहत करून राहतात, दोघांनाहि शत्रूंचें भय आहे. एवढें साम्य. भेद त्याहून अधिक बोधप्रद आहेत.

माशीचें साहित्य तिच्या अंगांतून निघतें. पक्ष्याला तें बाहेरून, एकेक धागा करून आणावें लागतें. म्हणून माशी साहित्याची काटकसर करिते, तर पक्ष्याची सारी मेहनत फेऱ्यांत जाते. पोळें हें हजारों जणींचें काम. घरटें हें प्रथमपासून जवळजवळ एकट्याचें. पोळ्यांतील तेंच घर पुन्हां पुन्हां साफ करून वापरतात. सुगरणीचें घरटें एका विणीपुरतें, पुढें त्यांत मुनिया पक्षी किंवा उंदीर बिऱ्हाड करितात. माशी आपलें घर नांगीनें व संख्येनें राखते. पक्ष्याजवळ नांगी नाहीं, म्हणून तो जागेच्या निवडीनें व लांब नळीनें राखतो.

सर्वांत मोठा भेद परीक्षेचा आहे. माशीचें काम पुढली माशी तेथल्या तेथें तपासते व दुरुस्त करिते. चूक राहिलीच तर ती पोळ्यांत मुरून जाते. नर सुगरणीचें काम मात्र अर्धें झालें कीं बाहेरच्या परीक्षकापुढें मांडावें लागतें, आणि नापसंतीचा शेरा साऱ्या झाडादेखत मिळतो. यांतहि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून असें दिसतें कीं, मादी पसंती देतांना विणीपेक्षां जागेला अधिक महत्त्व देते. फांदी उंच आहे ना, बारीक आहे ना, हें ती पाहते. म्हणजे नापसंत झालेलें प्रत्येक घरटें वाईट विणलेलें असतें असें नाहीं.

मग मोठा कारागीर कोण? माझें मत विचाराल तर हा प्रश्नच नीट नाहीं. गवंडी मोठा कीं कोष्टी मोठा, असें कोणी विचारीत नाहीं. नीट प्रश्न मागल्या बांकावरून आला होता. त्याकडे आतां वळूं.

उपजत कीं शिकलेलें?

त्या मुलाचें म्हणणें निम्में खरें आहे. निम्में मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे. माशीला मेण चावण्याचे धडे कोणी देत नाहीं. सुगरणीच्या पिलाला चिरफळी काढण्याची शाळा नसते. गवत दिसलें कीं तें चोंचींत धरण्याची ओढ त्याच्या रक्तांतच असते. ही ओढ उपजत होय.

परंतु ओढ म्हणजे कसब नव्हे. सुगरणीच्या जातभाईंपैकीं एक विणकर पक्षी आफ्रिकेंत आहे. त्यावर निकोलस कोलियास व एल्सी कोलियास या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्यानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रयोग केले. कांहीं तरुण नरांना लहानपणीं विणण्याजोगें गवत मिळूंच दिलें नाहीं. पुढें त्यांना गवत दिलें तेव्हां, लहानपणापासून गवताशीं खेळलेल्या नरांच्या मानानें ते फार मागें पडले. धागा अडकविणेंहि त्यांना प्रथम साधेना. मोकळ्या रानांत अशा जातींचे तरुण नर ओबडधोबड घरटीं विणून पाहतात. तीं कोणत्याच मादीसाठीं नसतात. ती केवळ त्यांची धुळाक्षरांची पाटी असते. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत, बोट्स्वाना देशांतील विणकर पक्ष्यांचें विणकाम बारकाईनें पाहण्यांत आलें. नर जसजशीं अधिक घरटीं बांधतो तसतशीं त्याच्या चोंचींतून गळून पडणारीं गवताचीं पातीं कमी होत जातात, असें त्यांत आढळलें.

“पक्ष्याचें असो, पण माशी तरी निव्वळ यंत्र आहे ना?” असें तुम्ही म्हणाल. तेंहि खरें नाहीं. युरोपीय मधमाशा दोन वेगळ्या ठिकाणांहून पोळें बांधीत येतात तेव्हां मध्यें गांठ पडतांना घरांच्या रांगा जुळत नाहींत. यंत्र असतें तर तेथें भगदाड पडलें असतें. पण माशा सांधा येण्यापूर्वींच घरांचा आकार थोडाथोडा बदलीत येतात, कोठें पांच कोनांचें घर, कोठें सात कोनांचें घर घालतात, आणि सांधा जुळवितात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत हें मोजमापासह दाखविलें आहे.

याहून नवलाची गोष्ट माशीच्या नाचाची. फुलांचा ताटवा सांपडलेली माशी पोळ्यावर परत येऊन थरथरत नाचते. त्या नाचाच्या दिशेवरून व लांबीवरून इतर माशांना ताटवा कोठें व किती दूर आहे हें कळतें. सातेरीहि असाच नाच करिते. ही भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनीं उलगडली, व १९७३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हा नाच पूर्णपणें उपजत असावा असेंच बहुतेकांस वाटे. पण २०२३ सालीं चीन व अमेरिका येथील संशोधकांनीं युरोपीय मधमाशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनीं केवळ तरुण माशांची वसाहत केली. नाच पाहण्यास त्यांत एकहि वडीलधारी माशी ठेविली नाहीं. त्या माशा नाचल्या खऱ्या, पण त्यांचा पहिला नाच अव्यवस्थित व चुकांनीं भरलेला होता. पुढें अनुभवानें दिशेची चूक कमी झाली. अंतराची चूक मात्र जन्मभर राहिली. वडील माशांचा नाच अगोदर पाहिलेल्या तरुण माशा या चुका करीत नव्हत्या.

याचा अर्थ नीट पाहा. नाचण्याची ओढ उपजत. पण बिनचूक नाचणें हें पाहून, मागें मागें फिरून मिळालेलें. आणि तेंहि योग्य वयांत मिळालें पाहिजे.

तेव्हां मागल्या बांकावरील मित्रास माझें उत्तर असें आहे. तुझ्या वाक्याचा पहिला भाग मी थोडा बदलून घेतों : ओढ उपजत असते. दुसरा भाग मात्र मला मान्य नाहीं. ‘येत नाहीं त्याला येतच नाहीं’ असें ना माशी सांगते, ना पक्षी. ज्याला गवत मिळालें नाहीं, किंवा ज्याला पाहण्यास वडील माणूस मिळालें नाहीं, तो मागें पडतो. पालकहो, यांतला दुसरा अर्धा भाग तुमचा व आम्हां शिक्षकांचा आहे. मूल मागें पडलें तर त्याच्या कपाळाकडे बोट दाखविण्यापूर्वीं, त्याला गवत मिळालें होतें काय, हें आपण विचारलें पाहिजे.

मात्र एक सावधगिरी. नापसंती मिळालेला नर दुसरें घरटें विणूं लागतो तें पाहून ‘त्याचा धीर केवढा!’ असें आपण म्हणतों. त्याला धीर वाटतो कीं नाहीं हें त्याच्या चोंचीवरून वाचतां येत नाहीं. पूर्वजांनीं राजा व गृहिणी लादली, तसा आपण साधुपणा लादूं नये. जें डोळ्यांना दिसलें तेवढेंच घ्यावें : त्यानें पुन्हां गवत आणलें व पुन्हां विणावयास आरंभ केला.

पाहणाऱ्यांस चार सूचना

पुढील पावसाळ्यांत तुम्हीं स्वतः पाहावें, यासाठीं चार गोष्टी सांगतों. पहिली, वस्तींतलें घरटें कधींहि काढूं नये. विणीचा हंगाम संपून तें आपोआप खालीं पडेल तेव्हांच उचलावें. दुसरी, सातेरीच्या ढोलीपासून चार हात दूर, तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उभें न राहतां, एका बाजूनें पाहावें. तिसरी, एकच नर निवडून त्याच्या तासाभरांतील फेऱ्या वहींत मांडाव्या. दहा पक्ष्यांकडे एकदम पाहिलें तर एकहि दिसत नाहीं. चौथी, शेताच्या बांधावरील बाभूळ व शिंदी तोडूं नये, आणि पीक फुलांवर असतांना औषध फवारूं नये, असें घरीं वडीलधाऱ्यांस सांगून पाहावें. औषधानें माशा मरतात, आणि परागसिंचन करणाऱ्या माशा गेल्या तर कित्येक फळांचें व भाज्यांचें पीक घटतें.

शेवटीं त्या वर्गाची हकीकत पुरी करितों. त्याच आठवड्यांत शनिवारीं दुपारीं मीं मुलांना ओलें गवत दिलें आणि म्हटलें, “एकाच हाताच्या दोन बोटांची चोंच करा, आणि या काडीला धागा अडकवून चार बोटें विणून दाखवा.” बहुतेकांनीं दहा मिनिटांत नाद सोडला. मागल्या बांकावरील तो मुलगा मात्र शाळा सुटल्यावरहि बसून राहिला. त्याच्या हातून धागे निसटत होते, तुटत होते, आणि तो नवे घेत होता. दिवे लागणीच्या सुमारास त्याची एक गांठ बसली. एकच, पण ओढली तरी सुटेना. तो टेबलावरच्या अर्ध्या घरट्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, त्या पांचशें फेऱ्या खऱ्या असाव्यात.”

त्याच्या गणिताचें पुढें काय झालें तें मी येथें लिहीत नाहीं. तें त्याचें त्यानें सांगावें. घरटें व पोळ्याचा तुकडा आतां विज्ञानाच्या खोलींतील कपाटांत ठेविले आहेत. त्यांच्या शेजारीं, काडीला बांधलेली ती गवताची गांठहि ठेविली आहे. ज्याला पाहावयाची असेल त्यानें मधल्या सुटींत यावें.